सात मिनिटं एकोणतीस सेकंद

नवरात्रात शांती नगरसारख्या दाट वसाहतीतल्या एखाद्या सेक्टरमध्ये गरबा रंगात आलेला असतो, तेव्हा चार इमारती सोडून पलीकडच्या घरात तो कसा पोहोचतो, याकडे एकदा नीट कान द्यावा. गाणं पोहोचत नाही. गायिकेचा आवाज नाही, शब्द नाहीत, कीबोर्डची सुरावट नाही. भिंती ओलांडून येतो तो नुसता ठोका आणि त्या ठोक्याखालून सरकणारी बेसची जाड रेघ. आता पायात चपला सरकवून जिना उतरायचा आणि आवाजाच्या दिशेने चालू लागायचं. इमारतीचा पहिला कोपरा वळला की ठोक्यांच्या मधे टाळीसारखा एक कडक आवाज ऐकू येऊ लागतो. पुढच्या गल्लीत ऑक्टोपॅडवरची बारीक नक्षी कळते. कम्पाउंडच्या भिंतीपाशी कीबोर्डची ओळ सापडते. आणि गेटमधून आत पाऊल टाकताना, इतका वेळ झाकलेला गायिकेचा आवाज एकदम अंगावर येतो. गाणं मघापासून तेच चालू होतं, पण आपण ते थरावर थर चढत जाताना ऐकलं.

याचं कारण लाटेच्या लांबीत आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सेकंदाला ६० कंपनं असलेल्या बेस ड्रमची एक लाट साडेपाच मीटरहून लांब भरते, म्हणजे शांती नगरातल्या वन-रूम-किचनच्या खोलीत ती मावणारही नाही. एवढी लांब लाट इमारतीच्या कोपऱ्याला सहज वळसा घालते आणि भिंतीतूनही बरीचशी पार होते. सेकंदाला ५,००० कंपनं असलेला बारीक आवाज, म्हणजे गाण्यातला ‘स’कार किंवा झांजेची किणकिण, यांची लाट जेमतेम सात सेंटीमीटरची. ती पहिल्याच भिंतीवर अडते. चार-पाच मजली इमारती अशा जवळजवळ उभ्या असल्या की सगळी वसाहतच आवाजाची चाळणी होते. लांब लाटा आरपार जातात, आखूड लाटा मागे राहतात.

या चालण्यात जे आपसूक घडतं ते स्टुडिओत बसून मुद्दाम घडवण्याची एक कला आहे. तिचं नाव एक्स्टेंडेड क्लब रिमिक्स. ऐंशीच्या दशकातल्या सिंथ-पॉपमध्ये, म्हणजे सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर उभ्या राहिलेल्या पॉप संगीतात, ही कला अशी काही बहरली की साडेतीन मिनिटांच्या गाण्याची सात, नऊ, कधी सोळा मिनिटांची रूपं निघू लागली, आणि लोक ती मूळ गाण्यापेक्षा जास्त प्रेमाने ऐकू लागले. चांगलं आटोपशीर गाणं हाताशी असताना कुणाला त्याचं लांबलेलं रूप का हवं असावं? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरात आपला कान कसा चालतो ते सापडतं.

मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर या बँडने मार्च १९८३ मध्ये ‘ब्लू मंडे’ ही रेकॉर्ड काढली. लांबी सात मिनिटं एकोणतीस सेकंद. ती कुठल्या छोट्या गाण्याची वाढवलेली आवृत्ती नव्हती, सुरुवातीपासूनच लांब होती आणि फक्त बारा इंची तबकडीवर निघाली होती. सुरुवातीला ओबरहाइम कंपनीच्या ड्रम मशीनचा एकटा बेस ड्रम वाजतो: काही सरळ ठोके, मग अडखळल्यासारखे भराभर पडणारे ठोके, पुन्हा सरळ. दुसरं काही नाही. मग सिंथेसायझरची धावती ओळ येते. तीही थोडी तिरकी बसलेली वाटते, आणि त्याला कारण आहे. बँडमधल्या जिलियन गिल्बर्ट यांनी ती ओळ सीक्वेन्सर या यंत्रात एकेक स्वर करून भरली होती आणि भरताना एक स्वर चुकून राहून गेला. त्यामुळे सुरावट ठोक्यापासून किंचित सरकली. ते सरकलेपण तसंच ठेवलं गेलं, आणि आज त्या ओळीची ओढ बरीचशी त्यातच आहे. गायकाचा आवाज यायला दोन मिनिटं उलटून जावी लागतात. रेडिओवरची कित्येक गाणी तोवर अर्धीअधिक संपलेली असतात. तरी ही रेकॉर्ड जगात सर्वाधिक खपलेली बारा इंची सिंगल ठरली.

बारा इंची तबकडीचा जन्म झाला तो न्यूयॉर्कमध्ये, आणि निम्मा योगायोगाने. रिमिक्सकार टॉम मोल्टन सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नाचणाऱ्यांचं निरीक्षण करत होते. गाणं तीन मिनिटांत संपतं, लोक नेमके रंगात येतात आणि फ्लोअर रिकामा होतो, हे त्यांना सलायचं. त्यांनी गाणी लांबवायला सुरुवात केली. पुढे एकदा चाचणीची प्रत कापायला ते जोसे रॉड्रिगेझ या तंत्रज्ञाकडे गेले, तर नेहमीच्या सात इंची कोऱ्या चकत्या संपलेल्या. मोठी चकती काढली. तिच्यावर कडेच्या एका पट्ट्यात गाणं कोंबलेलं पाहून मोल्टन यांना ते बरं दिसेना. खाचा पसरवून कापा, म्हणाले. खाचा पसरल्या, त्यामुळे आवाजाची पातळी वाढवता आली, आणि ऐकल्यावर ते थक्क झाले. ही हकिकत मोल्टन स्वतः सांगतात.

यात चमत्कार काही नाही, पण भूमिती सुंदर आहे. रेकॉर्डवरची खाच आवाजाबरोबर डावीउजवीकडे हेलकावते. बेस जितका जड, तितका हेलकावा रुंद. सात इंचांत जागा कमी, तेव्हा एक तर गाणं छोटं ठेवा नाही तर बेस कमी करा. बारा इंचांत खाचांना ऐसपैस जागा मिळते. गाणं लांब होतं आणि त्याच वेळी बेसही पोटात जाणवेल इतका भरीव होतो. म्हणजे गाण्याची लांबी आणि ठोक्याची ताकद या दोन गोष्टी एकाच तबकडीतून आल्या. वरून डीजेची आणखी एक सोय झाली. दिव्याखाली रेकॉर्ड तिरकी धरली तर भरगच्च भागांच्या खाचा चमकतात आणि मोकळे भाग जास्त काळे दिसतात. ड्रम एकटा कुठे उरतो ते डोळ्यांनी वाचता येतं, आणि सुई बरोबर तिथे टेकवता येते. विक्रीसाठी काढलेली पहिली बारा इंची सिंगल १९७६ ची, डबल एक्स्पोजर या गटाची ‘टेन पर्सेंट’. वॉल्टर गिबन्स यांनी तीन मिनिटांच्या आसपासचं ते गाणं नऊ मिनिटांपलीकडे नेलं.

पण हे सगळं डिस्को होतं, आणि डिस्को म्हणजे हाडामांसाचे वादक. हाताने वाजवलेला ड्रम नकळत थोडा पुढे धावतो, थोडा मागे रेंगाळतो. म्हणून टेपचा एक तुकडा कापून दुसरीकडे जोडायचा तर सांधा जाणवतो. सिंथ-पॉपमध्ये ही अडचणच उरली नाही. यंत्राची लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत केसभरही हलत नाही. शिवाय प्रत्येक वाद्य तारेतून सरळ आपापल्या ट्रॅकवर जातं, एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरत नाही. असं गाणं जन्मतःच सुटे भाग जोडून बनलेलं असतं. ते खोलायला स्क्रू सैल करण्याचीही गरज नाही. मिक्सरवरचं एक बटण दाबलं की बेस गायब, दुसरं दाबलं की फक्त टाळ्या. मार्टिन रशेंट यांनी ह्यूमन लीग या बँडच्या ‘डेअर’ या अल्बमची गाणी अशीच खोलून १९८२ मध्ये ‘लव्ह अँड डान्सिंग’ हा अख्खा रिमिक्स अल्बम केला. टेप ब्लेडने कापायची, तुकडे चिकटवायचे, प्रतिध्वनीच्या यंत्रातून फिरवायचे. आज संगणकावर क्षणात होतं ते तेव्हा बोटांनी, मिलिमीटर मोजत व्हायचं. १९८८ मध्ये पेट शॉप बॉइज यांनी ‘इंट्रोस्पेक्टिव्ह’ काढला तेव्हा तर क्रमच उलटला: अल्बमवर सहाच गाणी, सगळी लांबलचक, आणि रेडिओसाठी छोट्या आवृत्त्या वेगळ्या काढलेल्या.

आता कानाकडे वळू. डायना डॉइच या मानसशास्त्रज्ञ १९९५ मध्ये स्वतःच्याच ध्वनिमुद्रित निवेदनावर काम करत होत्या. त्यातला चार-पाच शब्दांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला, आणि थोड्या वेळाने त्यांना खोलीत कुणीतरी गात असल्यासारखं वाटलं. तुकडा तोच होता, साधं बोलणं. नुसत्या आवर्तनाने मेंदूने त्याची चाल करून टाकली. हा प्रयोग कुणीही घरी फोनवर करून पाहावा. एकदा तो तुकडा गाणं झाला की पुन्हा बोलणं होत नाही. क्लब रिमिक्समध्ये गायकाच्या ओळीतला एकच शब्द कापून आठ-सोळा वेळा फेकतात, तेव्हा हेच घडत असतं. अर्थ झडून जातो, स्वरांची उंची-उतार वर येते, आणि शब्दाचं वाद्य होतं.

एलिझाबेथ मार्गुलिस यांचा २०१३ चा प्रयोगही विलक्षण आहे. लुचानो बेरिओ आणि एलियट कार्टर यांच्या, मुद्दाम आवर्तनं टाळणाऱ्या आधुनिक रचना त्यांनी घेतल्या आणि त्यांतले काही तुकडे संगणकाने जागोजागी पुन्हा चिकटवले. ऐकणाऱ्यांना ती मोडतोड केलेली रूपं जास्त आवडली, आणि माणसाने रचलेली असावीत असंही जास्त वाटलं. म्हणजे पुन्हा येणं हीच आपल्याला हेतूची खूण वाटते. आणि पुन्हा येणार हे ठाऊक असलं की वाट पाहण्याचं सुख सुरू होतं. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात वॅलोरी सालिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की आवडत्या संगीतातला रोमांचाचा क्षण येण्याच्या आधीच मेंदूच्या एका भागात डोपामिन स्रवू लागतं, आणि प्रत्यक्ष क्षणी दुसऱ्या भागात. दोन सुखं, दोन जागा. छोट्या गाण्यात पहिल्या सुखाला वेळच मिळत नाही. लांब रिमिक्सचा सगळा पसारा त्या पहिल्या सुखासाठी मांडलेला असतो.

ख्याल ऐकणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. मोठ्या ख्यालात बंदिशीच्या दोन ओळी अर्धा-पाऊण तास पुरतात; मुखडा धरून समेवर येण्याची प्रत्येक वेळ वेगळी, आणि मान डोलते ती सम येणार या खात्रीने. भजनी मंडळाचा नामगजर घ्या. दोन शब्द, पण टाळ, पखवाज, टाळ्या एकेक करून चढत जातात आणि कुणालाही ते थोडक्यात आटपावं असं वाटत नाही. आपल्या कानाला लांबीचं वावडं कधीच नव्हतं. तीन मिनिटांची मर्यादा आली ती जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीबरोबर, आणि आपण तिलाच गाण्याचं नैसर्गिक माप समजून बसलो.

गरब्याच्या मैदानातले वादक ही विद्या कुठल्या पुस्तकातून शिकलेले नसतात. नॉनस्टॉप रंगात आला की गायिका हात वर करते आणि सगळं थांबतं: कीबोर्ड, बेस, ढोल. उरतो तो शेकडो टिपऱ्यांचा एकसाथ खटका. आठ मात्रा, सोळा मात्रा, कधी बत्तीस. ऑक्टोपॅडवाला बोटाने हलकेच एक टिकटिक चालू ठेवतो, म्हणजे लय सुटू नये. सगळ्यांना ठाऊक असतं की ढोल परत येणार, नेमका कुठल्या आवर्तनाला ते मात्र कुणालाच माहीत नसतं. त्या परत येण्यालाच क्लबवाले ड्रॉप म्हणतात, आणि तो येतो तेव्हा मैदानातून एकच आवाज उठतो. रात्री दहाची ध्वनिक्षेपकाची मर्यादा जवळ आली की हे वादक तीच गाणी घट्ट बांधून लहान करतात. शेवटचे सवलतीचे दिवस, बाराची परवानगी असलेले, मिळाले की पुन्हा सैल सोडतात. गाणं रबरासारखं ताणता येतं ते त्याचे सांधे कुठे आहेत हे माहीत असलेल्यालाच. या परंपरेला सिंथेसायझरचा साज चढवण्यात ऐंशीच्या दशकातल्या डिस्को दांडियाच्या रेकॉर्ड्सचा मोठा वाटा आहे, आणि त्यात कल्याणजी-आनंदजी यांचे धाकटे भाऊ, तालवादक बाबला, यांचं नाव आधी घ्यावं लागेल.

हिंदी चित्रपटसंगीताच्या वाट्याला मात्र खरा रिमिक्स फार उशिरा आला, आणि त्याचंही कारण टेपमध्येच आहे. सत्तरच्या दशकात ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत पन्नास-साठ वादक आणि गायक एकाच वेळी, एकाच टेकमध्ये गाणं उभं करत. व्हायोलिनच्या मायक्रोफोनमध्ये ढोलक शिरलेला, ढोलकच्या मायक्रोफोनमध्ये बासरी. ती एकजीवता हेच त्या गाण्यांचं वैभव आहे, पण असं गाणं खोलता येत नाही. म्हणून २००२ मध्ये ‘कांटा लगा’ गाजलं तेव्हा तो १९७२ च्या ‘समाधी’मधल्या लता मंगेशकरांच्या आवाजावर केलेला रिमिक्स नव्हता, नव्या गायिकेकडून गाणं नव्याने गाऊन घेतलेलं होतं आणि खाली नवा ठोका होता. कॉपीराइट कायद्यानेही हीच वाट मोकळी ठेवली होती. मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की मानधन भरून त्याच गाण्याची नवी आवृत्ती काढता येत असे. २०१२ च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षं केली. ‘कांटा लगा’च्या काळात रिमिक्सवर संस्कृतिरक्षणाच्या नावाने बरीच आगपाखड झाली. मला त्या रेकॉर्ड्सची उणीव वेगळीच वाटते: त्यांनी जुनं गाणं कधी आतून उघडून दाखवलंच नाही.

ज्याने आतून उघडून दाखवलं, तो माणूस मुंबईतच होता. चरणजित सिंग चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात गिटार, बेस, ट्रान्झिकॉर्ड अशी वाद्यं वाजवत. सिंगापूरहून त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची नवी यंत्रं आणली आणि १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची एक रेकॉर्ड काढली: डिस्कोच्या ठोक्यावर दहा राग. ललित, बैरागी, तोडी, भैरवी, यमन, मालकंस आणि बाकीचे. ठोका टीआर-८०८ या ड्रम मशीनचा, सुरावट ज्युपिटर-८ सिंथेसायझरची, आणि बेस टीबी-३०३ या चंदेरी छोट्या डबीचा.

ही डबी जवळून पाहण्यासारखी आहे. बेस वाजवायला साथीदार नसलेल्या गिटारवाल्यासाठी ती बनवली होती. सोळा घरं, प्रत्येक घरात एक स्वर भरायचा, आणि यंत्र तो नमुना फिरवत राहतं. खऱ्या बेस गिटारसारखी ती मुळीच वाजत नसे, म्हणून बाजारात आपटली आणि १९८४ मध्ये बंद झाली. पण तिच्यात ‘स्लाइड’ नावाची एक सोय होती: एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायचं. म्हणजे मींड. मींड नाही म्हणून पेटीला आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी एकतीस वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. आणि इथे ती यंत्राच्या एका कळीत होती. रागदारी कानात असलेल्या वादकाने ती कळ दाबली नसती तरच नवल. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या गटाने याच डबीची बटणं पिळून बारा मिनिटांची ‘अॅसिड ट्रॅक्स’ काढली आणि अॅसिड हाउस नावाचं अख्खं घराणं जन्माला आलं.

चरणजित सिंग यांची रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही. २०१० मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाने ती पुन्हा काढली तेव्हा युरोपातले ऐकणारे चक्रावले. हे खरंच १९८२ चं आहे यावर काहींचा विश्वास बसेना. त्यानंतर सत्तरी गाठलेले चरणजित सिंग पुन्हा तीच यंत्रं घेऊन युरोपातल्या मंचांवर उभे राहिले आणि रात्री उशिरा तरुण पोरं ललितवर नाचली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

ही रेकॉर्ड आता सहज ऐकायला मिळते. चांगले हेडफोन लावा आणि ललितपासून सुरुवात करा. पहिल्यांदा फक्त ८०८ चा बेस ड्रम धरून बसा, दुसरं काही ऐकायचं नाही असं ठरवून. दुसऱ्यांदा ३०३ ची ओळ पकडा आणि ती कुठल्या स्वरावर घसरते ते पाहा. तिसऱ्यांदा दोन्ही मध्यमांवरून फिरणाऱ्या ज्युपिटरच्या मागे जा. मग ‘ब्लू मंडे’ लावा, आणि गायक येण्याआधीच्या दोन मिनिटांत किती थर चढले ते बोटांवर मोजा.